क्लिअर कोट उतरवावा, रंग राखावा

एखाद्या जुन्या पिकअप ट्रकच्या बॉनेटवर आणि टपावर पांढुरके पोपडे सुटलेले असावेत आणि त्याकडे पाहून कुणी ‘गाडीला छान पॅटिना आला आहे’ असे म्हणावे, हे मला पटत नाही. पॅटिना म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापराने आणि उन्हाने पृष्ठभागावर चढलेली जुनी कळा. क्लिअर कोट म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, आणि पोपडे धरलेला क्लिअर कोट म्हणजे निकामी झालेले संरक्षण. तो खालच्या रंगाला उन्हापासून वाचवत नाही, उचललेल्या कडांखाली पाणी मात्र धरून ठेवतो, आणि मूळ रंग नजरेला नीट दिसू देत नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, धुळीने आणि माणसांच्या हातांनी गाडीवर जे काही घडवलेले असते ते या थराच्या खाली असते. म्हणून पॅटिना हवा असेल तर हा मेलेला थर काढायचा, खाली जे आहे ते शक्य तितके न दुखावता उघडे करायचे आणि मग त्याला नव्याने झाकायचे, एवढेच काम आहे. यात किती काढायचे यापेक्षा कुठे थांबायचे हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे उत्तर रंगाच्या रचनेतच सापडते.

कारखान्यातून रंगून आलेल्या वाहनाच्या पत्र्यावर प्रथम झिंक फॉस्फेटचा अतिशय पातळ स्फटिकमय थर असतो, त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला इपॉक्सी जातीचा ई-कोट साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यावर प्रायमर सुमारे ३० मायक्रॉन, मग ज्यात खरा रंग असतो तो बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, तर बेस कोट अनेकदा केवळ १२ ते २० मायक्रॉनचा असतो. सगळे थर मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ज्या रंगासाठी आपण हा सारा खटाटोप करतो, तो या पाच थरांमधल्या सर्वांत पातळ थरांपैकी एक आहे आणि त्याच्यावरचा जो थर काढायचा आहे तो त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड आहे, हे आकडे घासायला बसण्यापूर्वी मनात पक्के असावेत. हात थोडा जास्त चालला तर रंग संपतो आणि करडा प्रायमर वर येतो. असा गेलेला रंग परत आणण्याचा कोणताही उपाय नाही. तेवढ्या जागी नवा रंग मारला तर तो जुन्यात मिसळत नाही.

क्लिअर कोट का मरतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. त्याच्या राळेत दोन प्रकारची संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात: काही अतिनील किरणे शोषून त्यांचे उष्णतेत रूपांतर करतात, तर काही प्रकाशामुळे तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे राळ तोडणारे अतिक्रियाशील कण, निष्प्रभ करतात. ही द्रव्ये कालांतराने खर्ची पडतात. ती संपत आली की राळेच्या लांब साखळ्या तुटू लागतात, थर ठिसूळ होतो, दिवसाच्या उष्णतेने पत्रा प्रसरण पावतो आणि रात्री आकुंचन पावतो तेव्हा ठिसूळ थराला त्याच्याबरोबर जाता येत नाही, आणि बारीक भेगांतून पाणी आत शिरते. म्हणूनच बॉनेट, टप आणि हौद्याच्या भिंतींची वरची कड हे आडवे भाग सर्वांत आधी जातात, तर दरवाजांचा खालचा अर्धा भाग त्याच गाडीवर चकचकीत राहिलेला असतो. ही सीमारेषा गाडीच्या पॅटिनाचा आत्मा आहे असे मी मानतो आणि पुढच्या कामात ती सांभाळण्यावर माझा सगळ्यांत जास्त भर असतो.

येथे एका गोष्टीचा उलगडा करणे आवश्यक आहे. ज्या १९४० ते १९७० च्या दशकांतल्या ट्रकची फिकी, मखमली छटा पाहून लोकांना पॅटिनाचे वेड लागते, त्यांच्यावर मुळात क्लिअर कोट नव्हताच. १९२० च्या दशकात ड्यूपाँ कंपनीचे ड्यूको हे नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आले, त्यानंतर अल्किड इनॅमल आणि पुढे अ‍ॅक्रिलिक रंग आले, आणि या सगळ्यांत रंगद्रव्य व चकाकी एकाच थरात असे. असा रंग उन्हाने वरून खडूसारखा भुकटतो, फडक्याने पुसला की फडक्याला रंग लागतो, आणि बॉनेटच्या कंगोऱ्यांवर तो हळूहळू झिजून प्रायमर दिसू लागतो. ही झीज सावकाश आणि एकसंध असते. बेस कोट व क्लिअर कोट ही जोडी मोठ्या प्रमाणावर रुळली ती १९८० च्या दशकात, आणि तिची झीज सावकाश नसते. सापाने कात टाकावी तसा वरचा थर तुकड्यातुकड्यांनी सुटतो. त्यामुळे उडालेला क्लिअर कोट असलेला ट्रक एक तर १९८० नंतरचा असतो किंवा त्याहून जुना असून नंतर कधीतरी पुन्हा रंगवलेला असतो. या दुसऱ्या प्रकारात खाली काय सापडेल याची उत्सुकता काही औरच असते. बेस कोटच्या खाली दुरुस्तीचा प्रायमर, त्याखाली मूळचा एकथरी रंग, त्याखाली तांबूस जुना प्रायमर असे थर लागतात, आणि घासताना त्यांच्या कडा समोच्च रेषांसारख्या एकात एक उमटतात. मात्र त्याच ठिकाणी जुन्या दुरुस्तीची पुट्टीही उघडी पडू शकते, आणि पुट्टी ओलावा शोषते, म्हणून ती दिसली की तो भाग उघडा ठेवता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी दोन प्रश्नांची उत्तरे देते, पण ती विचारावी लागतात. पहिला प्रश्न पकडीचा आहे. सुटलेल्या कडेजवळ चांगली चिकटपट्टी दाबून लावावी आणि झटक्याने ओढावी. पट्टीला फक्त पारदर्शक पापुद्रा आला तर बिघाड क्लिअर कोट आणि बेस कोट यांच्या मध्ये आहे, पण पापुद्र्याच्या पाठीला रंगही चिकटून आला आणि पत्र्यावर करडा थर दिसला तर पकड खालीच सुटलेली आहे. असे झाल्यास कितीही हलक्या हाताने काम केले तरी रंग राहणार नाही, आणि हे आधीच कळलेले बरे. दुसरा प्रश्न रंगाच्या जातीचा. फाळक्याच्या आतल्या कडेसारख्या न दिसणाऱ्या जागी, जिथे रंग उघडा आहे तिथे, पांढऱ्या फडक्यावर थोडे थिनर घेऊन पुसून पाहावे. कारखान्याचा रंग भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाला भाजून पक्का केलेला असतो, त्यामुळे तो थिनरला सहसा दाद देत नाही. गॅरेजमध्ये नंतर मारलेला बेस कोट मात्र बहुधा केवळ द्रावक उडून सुकलेला असतो. तो थिनर लागताच विरघळतो आणि फडके रंगते. असा रंग असेल तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर जहाल द्रावक वापरता येत नाही, अगदी शेवटचे पुसणेही सौम्य, पाण्यावर आधारित क्लीनरने करावे लागते.

रंगाची छटा कोणती, यावरही निकाल बराच अवलंबून आहे. साधे, बिनचमकीचे रंग या कामाला सर्वांत अनुकूल. काळ्या रंगातील कार्बन ब्लॅक आणि निळ्या-हिरव्यातील थॅलोसायनिन ही रंगद्रव्ये उन्हात टिकाऊ असतात, त्यामुळे क्लिअर कोट निघाल्यावर खाली सखोल, तलम रंग मिळतो. अनेक लाल रंगद्रव्ये उन्हाने उडतात आणि क्लिअर कोट जिथे आधी गेला तिथे गुलाबी, जिथे उशिरा गेला तिथे विटकरी असे ढग दिसतात. मला हे ढग फार आवडतात. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड स्वतःच अतिनील प्रकाशात आसपासच्या राळेचे विघटन घडवू शकते, म्हणून उघडा पांढरा रंग लवकर भुकटतो. मेटॅलिक रंगाबाबत मात्र मी स्पष्टपणे सावध करीन. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या पृष्ठभागाला समांतर निजलेल्या असतात आणि चमक त्या समांतरपणावरच अवलंबून असते. पेपर त्यांच्यापर्यंत पोहोचला की चकत्या फाटतात, ओरखड्यांच्या दिशेने वळतात आणि रंगावर करडे पट्टे उमटतात. तिथे जेवढा थर आपोआप सुटतो तेवढाच काढावा आणि पेपर जवळजवळ लावूच नये.

प्रत्यक्ष कामात पहिले पाऊल धुण्याचे. साबणाने धुऊन झाल्यावर मेण आणि सिलिकॉन काढणाऱ्या क्लीनरने सगळा भाग पुसावा, कारण न पुसता घासल्यास जुने पॉलिश ओरखड्यांत दाबले जाते आणि पुढे कोणताही थर तिथे धरत नाही. मग सुटे झालेले काढायचे. यासाठी धातूच्या पात्यापेक्षा प्लास्टिकचे पाते बरे. ते पत्र्याला जवळजवळ आडवे धरून कडेखाली सरकवले की पारदर्शक पापुद्रा कुरकुरत उठतो, कधी नखाएवढा तर कधी तळहाताएवढा. उजेडासमोर धरला तर तो पिवळसर दिसतो आणि त्याच्या खालच्या बाजूला रंगाची पुसटशी भुकटी लागलेली असते. पाते अडखळले की तिथे थर अजून जिवंत आहे असे समजावे आणि जोर न लावता दुसऱ्या बाजूने प्रयत्न करावा. हवेच्या दाबाचा झोतही कडांखाली छान काम करतो. हीट गनचा मोह टाळावा. तिने क्लिअर कोट मऊ होतो हे खरे, पण बेस कोटही मऊ होतो आणि सपाट पत्रा एकाच जागी तापला तर वाकतो. रंग काढण्याची रसायने तर या कामात पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण त्यांना क्लिअर कोट आणि रंग यांतला फरक कळत नाही. शिवाय त्यांतले एकेकाळचे प्रमुख द्रव्य मिथिलीन क्लोराइड इतके घातक आहे की अमेरिकेत २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांना अशा रसायनांची किरकोळ विक्री बंद करण्यात आली.

यानंतर जे उरते ते बेटांसारखे असते: मध्येमध्ये घट्ट बसलेला क्लिअर कोट आणि त्याच्या भोवती ४०-५० मायक्रॉनची पायरी. ही पायरी बोटाला सहज लागते आणि उन्हात तिची पांढरी कड चमकते. ती उतरती करणे हे सगळ्या कामाचे मर्म आहे. मी ८०० नंबरच्या वॉटर पेपरने सुरुवात करतो. ४०० नंबरचा पेपर क्लिअर कोट झपाट्याने खातो, पण बेस कोटला पोहोचल्यावर सावरायला वेळच देत नाही. पेपर मऊ फोमच्या पॅडवर गुंडाळावा, पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकावेत, आणि घासण्याची दिशा बेटाच्या मध्याकडून कडेकडे न ठेवता कडेला समांतर ठेवावी, म्हणजे उघड्या रंगावर पेपर कमी जातो. सतत पाहायचे ते पाण्याकडे. क्लिअर कोट निघत असतो तोवर पाणी दुधाळ पांढरे असते. त्यात रंगाची पहिली छटा दिसली की हात तिथल्या तिथे उचलायचा, पाणी पुसून टाकायचे आणि पृष्ठभाग कोरडा झाल्यावर निरखून पाहायचे, कारण ओल्या पत्र्यावर सगळेच एकसारखे सुंदर दिसते. बॉनेटच्या कंगोऱ्यांवर आणि मडगार्डच्या धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, म्हणून तिथे आधी टेप लावून ठेवावी आणि शेवटी टेप काढून तो भाग केवळ हाताने, करड्या स्कॉच-ब्राइटने (घासणीसारख्या तंतूंच्या पॅडने) हलकेच चोळावा. ८०० नंतर १००० नंबरचा पेपर पुरेसा होतो.

घासताना तोंडावर कणरोधक मास्क हवाच, ओले घासत असलो तरी. जुन्या पिवळ्या, नारिंगी आणि काही लाल रंगांत लेड क्रोमेट असे, आणि अशा रंगाची कोरडी धूळ श्वासावाटे जाणे फार घातक. म्हणून त्या काळातल्या रंगाची शिसे-तपासणी आधी करून घ्यावी आणि तो कोरडा मुळीच घासू नये. घासलेले गढूळ पाणी मातीत किंवा गटारात न सोडता फडक्याने टिपून गोळा करावे.

कुठे थांबावे याबद्दल माझे मत ठाम आहे. टपावरचा क्लिअर कोट गेला म्हणून दरवाजांवरचा चांगला क्लिअर कोटही घासून सगळी गाडी एकसारखी निस्तेज करणारे बरेच जण असतात. त्यांना एकरूपता हवी असते. पण उन्हाने वरचे भाग खाल्ले आणि खालचे सोडले, ही त्या गाडीची खरी हकिगत आहे, आणि निरोगी थर घासून काढण्यात रंगाचे आयुष्य विनाकारण कमी होते. मी सीमेवरची पायरी तेवढी उतरती करतो आणि खालची चकाकी तशीच राहू देतो. दरवाजावर कधी काळी व्यवसायाचे नाव रंगवलेले असेल तर तिथे पेपर अजिबात लावू नये. अक्षरे गळून गेली तरी त्यांच्या सावलीत राहिलेला रंग आसपासच्यापेक्षा गडद असतो आणि तिरप्या उजेडात ते नाव अजून वाचता येते. पेपरचे मोजके हात ते कायमचे पुसून टाकतील. दरवाजाच्या मुठीभोवतीची बोटांची झीज, खिडकीच्या कडेवर टेकलेल्या कोपराने घासलेला पट्टा, हौद्याच्या कडेवर दोरांनी पाडलेले घळ यांनाही हीच गोष्ट लागू आहे. अशी झीज कृत्रिमरीत्या करू नये, कारण ती जिथे होते तिथे होण्याला कारण असते, आणि कारण नसलेल्या जागी केलेली झीज जाणकाराला चटकन खटकते.

उघड्या पत्र्यावर मीठ, व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून तासाभरात तांबूस गंज आणण्याची पद्धत प्रचलित आहे. तिला माझा विरोध केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. मिठातील क्लोराइड गंजाच्या छिद्रांत मुरते, धुऊनही पूर्ण निघत नाही आणि वरच्या थराखाली गंज चालूच ठेवते. कांस्यावर येणारी हिरवी कळा धातूला राखते, १९३३ मध्ये पेटंट झालेले कॉर-टेन पोलादही तांबे, क्रोमियम आणि फॉस्फरस यांच्या मिश्रणामुळे स्वतःवर घट्ट गंजाचे कवच चढवते, पण गाडीचा साधा पत्रा तसा नसतो. त्याचा गंज सच्छिद्र असतो, मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि म्हणून स्वतःलाच उचलत आत जातो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की त्याचा वेग चांगलाच वाढतो. जस्त चढवलेल्या पत्र्यावर जस्त शाबूत असेपर्यंत तांबूस गंज येतच नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीवर, उदाहरणार्थ २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० वर, तो कधीच येणार नाही. तिथे तांबूस डागांची अपेक्षाच ठेवू नये. केबिनचे खालचे कोपरे, दरवाजांच्या तळाची पाणी निघण्याची भोके, विंडशील्डची पन्हाळी आणि चासी या ठिकाणचा गंज कौतुकाचा विषय नाही. तिथे टोच्याने टोचून पाहावे आणि पत्रा दबला तर आधी वेल्डिंगचे काम करावे, मग रंगाचे.

उरतो प्रश्न झाकण्याचा, आणि तो टाळता येत नाही, कारण बेस कोट उघडा राहण्यासाठी बनवलेलाच नसतो. रंग घट्ट आणि गंजमुक्त असेल तर अतिनील शोषक असलेला सॅटिन किंवा मॅट टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा दोन घटकांचा) क्लिअर कोट हा सर्वांत टिकाऊ मार्ग. त्यातील बारीक सिलिका प्रकाश विखुरते आणि जुनी निस्तेज छटा कायम राहते. मात्र असा थर पॉलिश केला की ठिकठिकाणी चमकू लागतो, म्हणून त्यावर बफिंग कधीही करू नये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्यामुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि ते मारताना बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हे काम व्यवस्थित रंगशाळेकडे सोपवावे.

जिथे रंगाबरोबर गंजाचेही डाग आहेत, तिथे कठीण थर मला मान्य नाही. एक ओरखडा पडला की त्यातून पाणी शिरते, गंज केसासारख्या वळणदार रेषांनी थराखाली पसरत जातो आणि पुन्हा पोपडे सुटतात, म्हणजे जिथून निघालो तिथेच येऊन पोहोचतो. अशा ठिकाणी बॉइल्ड लिनसीड ऑइल (लवकर सुकणारे जवसाचे तेल) मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, अतिशय कमी प्रमाणात चोळावे आणि अर्ध्या तासाच्या आत उरलेले कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे. राहिलेले तेल चिकट पिवळी साय धरते आणि त्यात धूळ रुतते. गंज काळा करणारे फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाचे कन्व्हर्टर दिसणाऱ्या भागावर लावू नयेत, तांबूस छटा त्यांनी जाते. तेलाची फडकी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन सुकते, त्यात उष्णता निर्माण होते आणि गोळा झालेल्या फडक्यांच्या आत ती साठून फडकी आपोआप पेट घेतात. अशा आगी खरोखर लागलेल्या आहेत. फडकी उघड्यावर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवावीत.

तेल लावल्यावर पहिल्या दिवशी रंग अपेक्षेपेक्षा गडद दिसतो आणि मन थोडे धास्तावते, पण तेल सुकत जाते तशी छटा बरीचशी परत येते. त्यावर सुकल्यानंतर साधे पेस्ट वॅक्स हाताने लावता येते. धुण्यासाठी सौम्य साबण आणि मऊ स्पंज वापरावा, ब्रशांच्या यांत्रिक धुलाईत ही गाडी नेऊ नये. बॉनेटवर पाण्याचे मणी बनणे थांबून पाणी सपाट पसरू लागले, की तेल पुन्हा लावण्याची वेळ झाली असे समजावे. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते वर्षातून एकदा तरी लागते, आणि टपाला बहुधा बॉनेटच्याही आधी.